राज कॉमिक्सची आवड: लागली कशी आणि ओसरली कशी



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण सगळेच मुलांकडून लिहून घेतो. निम्म्या वह्यांत छंद म्हणजे वाचन असतं आणि खाली पुस्तकं आपले मित्र असल्याचं ठरलेलं वाक्य असतं. पण 'माझी कमी झालेली आवड' असा विषय मी आजवर कुठल्याच फळ्यावर पाहिला नाही. तो दिला तर मुलं बरंच खरं लिहितील असं मला वाटतं, कारण त्या विषयावर गाईडमध्ये काही सापडणार नाही. घटक चाचणी झाली की आमच्या सातवीला मी तो देणार आहे. मुलांना द्यायच्या आधी स्वतः लिहून पाहावा, म्हणून हा लेख. माझा विषय आहे राज कॉमिक्स.

ज्यांचं बालपण पुण्या-मुंबईकडे गेलं त्यांना हे नाव कदाचित तितकं ओळखीचं नसेल. तिकडे चांदोबा, किशोर, फास्टर फेणे. आमच्याकडे विदर्भात, त्यातही रेल्वेच्या गावांत, हिंदी कॉमिक्सचं राज्य होतं. माझं माहेर बडनेऱ्याचं. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. गाडीतून माणसं उतरायची, त्यांच्यासोबत हिंदी मासिकं, सामान्य ज्ञानाची पुस्तकं आणि कॉमिक्सही उतरायची. घरात मराठी, शाळेत मराठी, आणि गोष्टी मात्र हिंदीत. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नसे.

राज कॉमिक्स हे दिल्लीचं प्रकाशन. राजकुमार गुप्ता यांनी ते सुरू केलं, पुढे त्यांची मुलंही त्यात आली. १९८६ साली नागराज आला, १९८७ साली सुपर कमांडो ध्रुव, आणि नव्वदीच्या सुरुवातीला डोगा. त्यांच्या जोडीला परमाणु, भोकाल, तिरंगा, अँथनी, आणि या सगळ्यांहून वेगळा बांकेलाल. तेव्हा मनोज, तुलसी, डायमंड अशी बरीच कॉमिक्स बाजारात होती. घराघरात केबल आली आणि एकेक गळत गेलं. राज कॉमिक्स टिकली.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पण कळल्यावर आनंद झाला. नागराजचे सुरुवातीचे कितीतरी अंक प्रताप मुळीक यांनी काढलेले आहेत. मुळीक पुण्याचे. 'अमर चित्र कथा'मध्येही त्यांची चित्रं आहेत. म्हणजे दिल्लीहून आलेला हा हिरव्या अंगाचा नाग मुळात पुण्याच्या हाताने काढलेला होता! आमच्या दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तरीच त्याचे दंड तसे आहेत, आपल्या तालमीतल्या पहिलवानासारखे."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला होता. ठेल्याच्या वरच्या बाजूला सुतळी बांधलेली आणि तिच्यावर कॉमिक्स मधोमध उघडून, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी टांगलेली. एका दिवसाचं भाडं आठ आणे. नवीन 'सेट' आला की पहिला आठवडा एक रुपया. रात्री ठेला बंद व्हायच्या आत अंक परत करायचा, नाहीतर दुसऱ्या दिवसाचे पैसे. नागराजच्या मूळ कथेत प्रोफेसर नागमणी त्याला तयार करतो ते गुन्हेगारांना भाड्याने देण्यासाठी. मग बाबा गोरखनाथ त्याला त्या गुलामीतून सोडवतात. भाड्याने देण्यासाठी बनवलेला नागराज आम्हीही भाड्यानेच आणत होतो, हे आमच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

एक अंक आणि वाचणारी चार-पाच पोरं. ज्याचे आठ आणे त्याच्या हातात अंक, बाकीच्यांनी डाव्या-उजव्या खांद्यावरून बघायचं. पान उलटायच्या आधी तो विचारायचा, "झालं का?" सगळ्यांनी "हो" म्हटलं की पान उलटलं. मी त्यात सगळ्यांत लहान. माझं व्हायचं नाही, पण नाही म्हटलं की सगळे वस्सकन अंगावर यायचे. त्यामुळे मला भरभर वाचायची सवय लागली. वाचनाचा वेग वाढवण्यासाठी आपण प्रशिक्षणात किती उपक्रम शिकतो! माझा वेग त्या "झालं का?"ने वाढवला.

हिंदीही मी तिथेच शिकले. पाचवीत हिंदीचं पुस्तक हातात आलं तेव्हा षड्यंत्र, विध्वंस, प्रतिशोध, आतंक हे शब्द मला आधीपासून येत होते. गंमत वाटायची ती दोन्ही भाषांत असलेल्या शब्दांची. नागराज साऱ्या 'संसारा'ला वाचवायला निघाला की दादा म्हणायचा, "याचा संसार कधी झाला?" हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे शिक्षा म्हणजे छडी. हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपली चेष्टा म्हणजे मस्करी. तिकडचं 'यातायात' म्हणजे रस्त्यावरची वाहतूक, आपली यातायात म्हणजे दगदग. आजही सहावी-सातवीला हिंदी शिकवताना मी हे शब्द कॉमिक्सच्या पानांसकट समजावून सांगते. मुलं विसरत नाहीत.

आई मात्र वैतागायची. "काय वं, त्या सापवाल्याच्या मागं लागली! अभ्यास कोन करन?" आणि अभ्यास झाला की तीच विचारायची, "मंग? सुटला का तो?"

माझा लाडका मात्र ध्रुव. त्याचं कारण आज नीट सांगता येतं. नागराजच्या अंगात असंख्य सूक्ष्म साप, मनगटातून निघणारे नाग, विषारी फुत्कार. त्याला काय, कुणीही समोर आलं तरी तो जिंकणारच. ध्रुवकडे यातलं काही नव्हतं. तो ज्युपिटर सर्कशीत वाढलेला मुलगा. श्याम आणि राधा हे त्याचे आईबाप झोक्यावर कसरती करणारे. प्रतिस्पर्धी ग्लोब सर्कशीच्या कारस्थानात सर्कशीला आग लागते आणि ते दोघं जातात. 'प्रतिशोध की ज्वाला' या पहिल्याच अंकात हे सगळं घडतं. पुढे राजन मेहरा नावाचे पोलीस अधिकारी त्याला घरी नेतात, मुलासारखा वाढवतात. एक बहीण मिळते, श्वेता. ध्रुवकडे आहे काय, तर मोटरसायकल, पट्ट्यात खोचलेली स्टार ब्लेड, लहानपणापासून कमावलेलं सर्कशीचं अंग, प्राण्यांची भाषा आणि डोकं. अनुपम सिन्हा हे त्याचे लेखक आणि चित्रकारही. ते ध्रुवला अडचणीत टाकायचे आणि मग शाळेतल्या विज्ञानाने बाहेर काढायचे. ध्वनिराज नावाचा एक खलनायक होता, आवाजाच्या जोरावर हल्ला करणारा. पुढे नववीत ध्वनीचा धडा आला तेव्हा बाई तरंगांविषयी सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे ध्वनिराज उभा!

आणि ध्रुव घरी जायचा. हे मला फार आवडायचं. गोष्टीत चार-सहा चौकटी तरी त्याच्या घरातल्या असायच्या. श्वेता त्याची टिंगल करायची. तीच रात्री चंडिका होऊन त्याच्या मदतीला येते हे वाचकाला माहीत, ध्रुवला नाही. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला त्या घराचा नकाशाही काढता आला असता.

डोगाबद्दलही दोन शब्द. डोगाची गोष्ट मुंबईत घडायची. आम्ही तोवर मुंबई पाहिलेली नव्हती. मुंबई म्हणजे जमिनीखालची गटारं, लायन जिम, तिथले अदरक चाचा आणि रात्री कुत्र्यांची फौज घेऊन फिरणारा मुखवटेवाला माणूस अशीच माझी समजूत. कचऱ्यात सापडलेलं एक मूल, त्याला एका डाकूने कुत्र्यासारखं वाढवलं, त्याचा पुढे डोगा झाला. कथा जबरदस्त आहे. पण आता चाळिशीत, वर्गात पंचेचाळीस मुलं समोर घेऊन बसल्यावर, डोगा मला खटकतो. बंदूक उचलायची आणि तिथल्या तिथे निकाल लावायचा. लहानपणी त्यात जे धाडस दिसायचं ते आज दिसत नाही. वर्गाच्या पेटीत मी डोगा ठेवलेला नाही. दहावीच्या वर ज्याला वाचायचा त्याने जरूर वाचावा.

बांकेलालला मात्र माझ्या लेखी कधीच धक्का लागला नाही. विशालगढच्या राजा विक्रमसिंहाचा नाश करायला टपलेला हा ठेंगणा, दात पुढे आलेला माणूस. त्याला महादेवाचा शापच असा, की तो कुणाचं वाईट करायला जाईल तर त्याचं भलं होईल. बस्स, इतकंच. एवढ्या एका कल्पनेवर कित्येक अंक निघाले आणि तरी प्रत्येक वेळी हसू येतं. जितेंद्र बेदींची त्यातली चित्रं पाहून तर नुसतंच बसावं.

आता ओसरण्याकडे येते.

सगळे म्हणायचे, मोठी झाली की आपोआप सुटेल. तसं काही झालं नाही. डी.एड.ला अमरावतीला असताना बसस्टँडवर नवीन सेट दिसला की मी घेत असे. नोकरी लागली, लग्न झालं, तरी नागपूरला गेलं की स्टेशनच्या पुस्तकांच्या ठेल्यावर नजर जायचीच. मिस्टरांना सुरुवातीला नवल वाटलं, मग तेही बांकेलाल वाचू लागले. आपण हे वाक्य मुलांच्या बाबतीत फार सहज वापरतो, "वय वाढलं की आवड जाते." मी याला पुरेसं कारण मानत नाही. वयानुसार आवड जायची असती तर माझी अठराव्या वर्षी गेली असती. ती गेली पस्तिशीच्या पुढे.

शेवटचं मनापासून वाचलं ते 'नागायण'. २००७ च्या सुमाराला सुरू झालेली आठ कांडांची मालिका. अनुपम सिन्हांनी रामायणाच्या सांगाड्यावर नागराज, विसर्पी आणि ध्रुवची भविष्यातली गोष्ट रचली. वरण कांड, ग्रहण कांड, हरण कांड असं करत इति कांडापर्यंत. दोन अंकांच्या मध्ये महिनोन् महिने जायचे आणि मी वाट पाहायचे. वाट पाहण्याचा त्रास झाला नाही, कारण शेवट आहे हे नावातच दिसत होतं. आठवं कांड आलं, गोष्ट संपली, मी अंक कपाटात रचून ठेवले. माझ्या थोरल्या मुलीचा तेव्हा नुकताच दुसरा वाढदिवस झाला होता. तिला मांडीवर घेऊन इति कांड वाचल्याचं आठवतं.

त्यानंतर मला हळूहळू जड जाऊ लागलं. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. जमतील तशी सांगते.

एक तर नागराज तीन झाले. विश्वरक्षक नागराज, आतंकहर्ता नागराज आणि नरकनाशक नागराज. प्रत्येकाची दुनिया निराळी, गोष्ट निराळी. प्रकाशकाची बाजू मला समजते. एवढ्या वर्षांत मूळ नागराजच्या मागे इतका इतिहास साचला होता, की नव्या वाचकाला आत शिरायला दार उरलं नव्हतं. ते दार करायचं म्हणून नवे नागराज. पण माझ्यासारख्या जुन्या वाचकाला अंक हातात घेतल्यावर आधी विचारावं लागायचं, हा आपला का दुसरा? माहेरी गेल्यावर आपल्याच नावाची आणखी दोघीजणी घरात वावरताना दिसाव्यात तसं काहीसं.

मग आल्या सगळे नायक एकत्र आणणाऱ्या लांब मालिका. 'सर्वनायक' ही त्यातली मोठी. वेगवेगळ्या युगांतले सगळे वीर समोरासमोर. कल्पना छान. पहिला अंक वाचून मी खूश झाले होते. पण पानापानावर वीस नायक असले की कुणालाच घरी जायला वेळ मिळत नाही. मला जे हवं होतं ते ध्रुवच्या घरातलं जेवणाचं टेबल, श्वेताची टिंगल, महानगरात राज नावाने नोकरी करणाऱ्या नागराजची ऑफिसातली तारांबळ. ते सगळं आकसत गेलं. जग बुडायला आलेलं, आकाश फाटलेलं, प्रत्येकाच्या तोंडी मोठी मोठी वाक्यं. एका भागात जग वाचवलं की पुढच्या भागात त्याहून मोठं संकट. आणि एक भाग कळायला मागचे तीन वाचलेले हवेत.

हे काही राज कॉमिक्सचंच दुखणं नाही. अमेरिकेत सुपरहिरोंची दोन मोठी प्रकाशनं आहेत, मार्व्हल आणि डीसी. त्यांच्याकडेही हेच घडत आलं आहे. १९९२ च्या अखेरीस डीसीने सुपरमॅनला मारलं. दुकानांसमोर रांगा लागल्या. पुढच्या वर्षी तो परत आला. २००७ साली मार्व्हलने कॅप्टन अमेरिकाला मारलं, तोही काही वर्षांत परतला. वाचक शहाणा होतो हो. तिसऱ्यांदा कुणी मेलं की तो डोळे पुसायच्या भानगडीत पडत नाही, पुढचं पान उलटतो. याउलट १९७३ साली स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी मेली, आणि मूळ कथेतली ती ग्वेन पुन्हा त्याच्या आयुष्यात नांदायला काही परत आली नाही. पन्नास वर्षं झाली तरी वाचक तिच्याविषयी बोलतात. ध्रुवच्या आईबापांचं तसंच होतं. त्या आगीत ते गेले ते गेले, म्हणून 'प्रतिशोध की ज्वाला' अजून आठवते. पुढे 'बालचरित' नावाची मालिका ध्रुवच्या त्याच लहानपणाकडे पुन्हा गेली. अनुपम सिन्हांचीच. कौतुक करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, रचना पक्की आहे. तरी मला वाटत राहिलं, ती राख पुन्हा कशाला उकरायची? माझ्यासाठी ती गोष्ट बत्तीस पानांत पूर्ण झाली होती.

आवड कमी झाल्याचं मला कळलं ते एका दिवाळीच्या साफसफाईत. कपाट आवरताना कॉमिक्सचा गठ्ठा काढला तर वरचे दोन अंक प्लॅस्टिकच्या पिशवीतच होते. घेऊन आठ-दहा महिने झाले असतील. पिशवीची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. मी तशीच स्टुलावर बसून राहिले. ज्या अंकासाठी रात्री ठेला बंद व्हायच्या आत पळत जायचे, तसा अंक माझ्या घरात, माझ्या पैशाने आणलेला, आणि मला तो उघडावासा वाटला नव्हता. भांडण झालं नव्हतं, कुणावर राग नव्हता. वाईट मात्र वाटलं. कुणीतरी जवळचं माणूस गाव सोडून गेलं आणि आपल्याला ते वर्षभराने कळलं, असं काहीसं. मुलगी म्हणाली, "आई, रद्दीत टाकायचे का?" मी म्हटलं, "हात नको लावू."

दरम्यान दिल्लीतही बदल झाले. आता तिन्ही भावांची, संजय, मनोज आणि मनीष गुप्ता यांची, राज कॉमिक्स वेगवेगळ्या शिक्क्यांनी निघतात. जुन्या अंकांच्या देखण्या आवृत्त्या येतात, जाड पुठ्ठ्याच्या, चकचकीत कागदाच्या. त्या घेणारे बहुतेक माझ्याच वयाचे, नोकरीधंद्यातले लोक. चांगलंच आहे, जुनं काम टिकतंय. माझा मात्र त्यात जीव रमत नाही. सुतळीवर टांगून मधोमध दुमडलेला, कोपऱ्यावर कुणाच्या तरी पानाचा लाल डाग असलेला अंक माझ्या ओळखीचा. काचेच्या कपाटात ठेवायचा नागराज बघितला की मी त्याला "अहो-जाहो" करीन असं वाटतं!

हे सगळं तुम्हाला, म्हणजे शिक्षकांना आणि पालकांना, का सांगते? मागच्या पालकसभेत एक आई भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, आमची पोरगी चौथीत असताना पुस्तकं खायची. आता सातवीत हातात धरत नाही. मोबाईलनं वाटोळं केलं." मोबाईलचा वाटा असेलच, मी नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला जवळ बसवलं आणि विचारलं, शेवटचं कोणतं पुस्तक अर्धं सोडलंस? तिने लगेच नाव सांगितलं. एका मालिकेतलं सातवं पुस्तक. का सोडलंस? म्हणाली, "मॅडम, त्यात पुढं काय होते ते मला आधीच समजते." मग मी विचारलं, सहावं पूर्ण केलं होतंस? "हो, पण ते घरी होतं म्हणून केलं."

म्हणजे तिच्या वाचनाला काही झालं नव्हतं. एका लेखकाशी तिचं जमेनासं झालं होतं, तेही पुरेसं वाचून. हे ओळखायला तिला सहा पुस्तकं लागली, मला पंचवीस वर्षं. तिला मी भा. रा. भागवत दिले नाहीत, ते तिने केव्हाच संपवलेत. नारायण धारपांचं एक पुस्तक दिलं, आईला विचारून. रात्री वाचू नकोस म्हटलं, म्हणजे ती रात्रीच वाचणार. घरी रागावणं चालू राहिलं असतं तर तिने सातवं पुस्तक कसंबसं संपवलं असतं आणि आठवं कधीच कुठलं उघडलं नसतं. निदान मला असं वाटतं. तुमचा अनुभव निराळा असू शकेल.

माझंही तसंच झालं. राज कॉमिक्स कमी झाली तेव्हा वाचन थांबलं नाही. त्याच काळात मी मराठी कादंबऱ्यांकडे जास्त वळले. पण भरभर वाचायची सवय, आणि पान उलटताना पोटात येणारा गोळा, हे त्या ठेल्याचं देणं आहे.

आता त्या गठ्ठ्याचं काय झालं ते सांगते. दरवर्षी १५ ऑक्टोबरला, कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. यंदा भाषणाऐवजी मी कॉमिक्सची पेटी वर्गात नेली. डोगा घरी, बाकी सगळे पेटीत. दोन तासांत बांकेलाल एकही उरला नाही. हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात आले. त्यांनी एक अंक उचलला आणि "अरे, हा तर माझ्याकडे होता!" म्हणत तिथेच उभ्याने वाचू लागले. नागराजची आधी नुसती चित्रं बघितली गेली. ध्रुव मुलींनी नेला, का कोण जाणे.

आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा. वर्गात कधी तोंड उघडत नाही, मराठीचा उतारा वाचायला सांगितला तर बोट ठेवून, अडखळत वाचतो. त्याने पेटीतून नेमका 'सर्वनायक'चा एक मधलाच भाग काढला. मला वाटलं, यातलं याला काय कळणार? वीस नायक, मागचापुढचा संदर्भ नाही, आणि हिंदी. तो दोन दिवस अंक परत करेना. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, याच्या आधीचं हाये का?"

होतं. दिलं. ते वाचून त्याने त्याच्याही आधीचं मागितलं. उलट्या क्रमाने तो पहिल्या भागापर्यंत गेला, मग पुन्हा पुढे आला. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर नायकांची यादी केली होती. नाव, शक्ती आणि तो कोणत्या युगातला, अशी तीन रकान्यांत. अक्षर नेहमीचंच, गिचमिड, पण एकही नाव चुकलेलं नाही. तिन्ही नागराज त्याने सरळ वेगळे लिहिले होते. मला जे ओझं वाटत होतं, ते त्याला कुटुंबाच्या वंशावळीसारखं पाठ झालं होतं. मी त्याला विचारलं, गोंधळ होत नाही का रे? म्हणाला, "नाही मॅडम. आमच्या घरी पन्नास मानसं हायेत."

मग पिशवीतले ते दोन न उघडलेले अंक मी त्याच्या हातात दिले. चिकटपट्टी त्यानेच काढली. आठवड्याने परत आला.

"मॅडम, याच्या पुढचं?"

"पुढचं मी घेतलंच नाही रे."

"काहून?"

त्याला माझी कारणं काय सांगणार? मी म्हटलं, राहून गेलं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मंग आता घेसान का?"

डिसेंबरात प्रशिक्षणासाठी नागपूरला जायचं आहे. सीताबर्डीला जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथे आधी बघीन. कोणते भाग हवेत त्याची यादी त्याने मला करून दिली आहे, पर्समध्ये आहे. मी वाचीन की नाही ते माहीत नाही. पिशवी मात्र त्यालाच उघडू देईन.